सुसरीचे गोत्र आणि जनुकांची साक्ष

जालना जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते. नदीकाठच्या बोलण्यात मगर व सुसर हे शब्द पुष्कळदा एकमेकांऐवजी वापरले जातात. शास्त्रदृष्ट्या हे भिन्न प्राणी होत. रुंद तोंडाची ती मगर. लांब, अरुंद जबड्याची, मुख्यतः मासे खाणारी ती सुसर. महाराष्ट्रातील नद्यांत मगर आढळते; सुसरीचा आजचा प्रमुख आश्रय म्हणजे उत्तरेकडील चंबळ नदी होय.

सुसरीचा जवळचा नातलग कोण, हा दीर्घकाळ वादाचा विषय होता. मलेशिया व इंडोनेशियात तिच्यासारख्याच लांब जबड्याची 'आभासी सुसर' आढळते. मासे पकडण्याच्या सारख्या सवयीमुळे जबडेही सारखे घडले असावेत, असे हाडांच्या अभ्यासकांचे मत होते. म्हणून त्यांनी आभासी सुसरीला मगरींत स्थान दिले आणि खरी सुसर ही या साऱ्या कुळातून सर्वांत आधी फुटलेली शाखा मानली.

जनुकांनी निराळी साक्ष दिली. ती वाचण्याची रीत पोथीच्या उदाहरणाने समजेल. घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. छपाईपूर्वी दासबोधाच्या प्रती हातांनी उतरविल्या जात. दोन पोथ्यांत एकाच जागी तीच चूक आढळली, तर त्यांचे मूळ एक असावे, असा तर्क करता येतो. जनुकांतील अक्षरेही पिढ्यानपिढ्या उतरविली जातात व क्वचित बदलतात. अशा सामाईक बदलांवरून नाते ठरते.

पेशीतील तंतुकणिकांचा वारसा केवळ आईकडून येतो. केंद्रकातील जनुकांचा आई-वडील दोघांकडून. म्हणून केंद्रकीय जनुकांची साक्ष स्वतंत्र ठरते. २००३ साली हार्शमन व सहकाऱ्यांनी 'सी-मिक' या केंद्रकीय जनुकाचा क्रम तपासला. खरी व आभासी सुसर या परस्परांच्या सर्वांत जवळच्या आहेत, हा प्रथिने व तंतुकणिकांवरून आधीच निघालेला निष्कर्ष त्याने दृढ केला. पुढील जनुकीय अभ्यासांतही हेच दिसले. प्राचीन जीवाश्मांशी त्याचा मेळ घालण्याचे काम मात्र अद्याप चालू आहे.

या ज्ञानाचे व्यावहारिक मोल मोठे आहे. एका प्राचीन शाखेच्या या दोनच जाती आज उरल्या आहेत आणि आपली सुसर अत्यंत संकटग्रस्त आहे. ती गेल्यास तिची जागा घेणारा निकटचा नातलग भारतात नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये मगर व सुसर या दोहोंनाही संरक्षण आहे. गावाच्या पाण्यात मगर दिसल्यास तिला न मारता, लोकांना व गुरांना दूर ठेवून वन विभागास तत्काळ कळविणे, हे पंचायतीचे काम होय. केवळ रूपावरून नाते ठरवू नये, स्वतंत्र पुराव्यांची जुळणी पाहावी, हा धडा शिक्षकांनी विद्यार्थ्यांस द्यावा.