पंपाचे कपलिंग आणि रबरी बुश



ऐन उन्हाळ्यात उसाची पाण्याची पाळी चुकते, ती दरवेळी मोटर जळूनच असे नाही. कपलिंगचे बुश खाल्ले जातात आणि तालुक्याहून नवे येईपर्यंत दोन दिवस पाणी बंद. मागे एक सभासद झिजलेला तिसरा संच पिशवीत घालून गट ऑफिसात आले. म्हणाले, "साहेब, रबरच हलकं येतंय." दोष रबराचा नव्हता.

मोनोब्लॉक पंपाला शाफ्ट एकच, तेथे हा प्रश्न नाही. मोटर व पंप वेगळे असले की कपलिंग आले. पिन-बुशचे आपल्या ओळखीचे. जबड्याच्या कपलिंगमध्ये चांदणीसारखे रबर असते. टायर कपलिंग तिरकेपणा जरा जास्त सोसते. कारखान्यातल्या गिअर कपलिंगला रबर नसते, ग्रीस लागते.

पण लवचिक म्हणजे मोटर वाकडी बसवली तरी चालेल, असे नव्हे. मिनिटाला १४४० फेऱ्या म्हणजे तासाला ८६,४००. शाफ्ट सरळ रेषेत नसतील तर दर फेरीला रबर दाबले जाते.

तिन्ही फ्यूज काढून कपलिंगच्या दोन्ही चकत्यांवर सरळ पट्टी वरून आणि बाजूंनी धरून पाहा. मधली फट चहूकडे सारखी हवी. मोटर खाली असेल तर पायाखाली पातळ पत्रा घाला. पाइप जोडून बोल्ट आवळल्यावर पुन्हा तपासा; पाइपचे ओझे पंपाला ओढते. मिस्त्री नेमके हेच विसरतात! बुश बदलाल ते सगळे एकदम बदला.

त्या सभासदांच्या मोटरीच्या एका पायाखालचा पत्रा गंजून निघून गेला होता.