कोंब आले, पण कुणाचे?

‘वहिनी, फार विचार करता तुम्ही.’

हे वाक्य अजून माझ्या कानातून जात नाही. मी एवढंच विचारलं होतं, की साल काढायची ती डोळा भरलेल्या सांध्याच्या वर की खाली?

आमचा १० गुंठे ग्लॅडिएटर गुलाब. झाडं जुनी, बुडाशी ओकीबोकी. ऑक्टोबर छाटणी केली तरी फूट सगळी शेंड्याला. ह्यांनी एका सल्लागारांना आणलं. हयात द्राक्षबागेत गेलेली, फी आधी मोजून घेतलेली. ‘गर्डलिंग करू, बुडातून कोंब येतात की नाही बघा,’ म्हणाले आणि जमिनीपासून चार बोटांवर खोडाची ५ मिलिमीटर साल गोल काढली. सांधा वर राहिला. मी बोट ठेवून दाखवला, तेव्हा ते वाक्य आलं. आमचे हेही हसले. चार ओळी अर्ध्या दिवसात उरकल्या.

तीन आठवड्यांत बुडाशी लालसर कोंब! वरची फुलंही त्या खेपेला टपोरी. सल्लागारांनी फोटो काढून चार ठिकाणी मिरवले. मी गप्प. चुकले असेन, असं मलाही वाटलं.

मग एका सकाळी फुलं तोडता तोडता कामाच्या मावशी थांबल्या. कोंबावरून बोट फिरवून म्हणाल्या, ‘ताई, ह्यो काटा आपला न्हाई.’ मी तिथंच बसले, माती उकरली. एकूण एक कोंब सांध्याच्या खालून, म्हणजे खुंटाचा. दीड महिना खतपाणी घालून आम्ही रानगुलाब पोसत होतो! वलयाच्या वरच्या काठाला साल गाठीसारखी फुगलेली, खाली लाकूड उघडं, वरचं कलम पिवळं आणि फांद्या शेंड्याकडून काळ्या पडत आलेल्या. सल्लागारांना फोन लावला, तर ‘पाणी जास्त झालं असेल.’ त्यानंतर फोन उचललाच नाही.

द्राक्षात घड वलयाच्या वर असतो. पानांतली साखर मुळांकडे न जाता घडात मुरावी, मणी फुगावा, म्हणून तिथं साल काढतात. गुलाबात डोळा जागा करायचा असतो. शेंड्याकडून उतरणारं ऑक्सिन खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. सालीत खाच पडली की त्याची वाट अडते आणि खाचेखालचा डोळा फुटतो. खाचेखाली कलम असेल तर कलम फुटेल, खुंट असेल तर खुंट. एवढं कळायला फी लागत नाही.

तरी करायचंच असेल, तर आधी सांधा शोधा. भर लावून तो मातीत गेला असेल तर उकरा. सांध्याच्या खाली चाकू लावायचा नाही. पूर्ण वलय नकोच, मुळं उपाशी राहतात. सांध्यावरच्या जाड फांदीवर निजलेला डोळा हेरा, त्याच्या अर्धा सेंटिमीटर वर फांदीच्या एक तृतीयांश घेराएवढी खाच घ्या. साल कापावी, लाकूड नाही. पाती दर झाडाला स्पिरिटनं पुसा. पावसाळ्यात हा उद्योग नको. मोठी जखम झालीच तर १० टक्के बोर्डो पेस्ट लावा. खुंटाचा फुटवा कात्रीनं कापू नका, पुन्हा जोमानं येतो. माती बाजूला करून मुळातून ओढून काढा. ‘सात पर्णिका म्हणजे खुंट’ या खुणेवर विसंबू नका, कोंब निघाला कुठून ते बघा. आणि आधी पाचच झाडांवर करा. बुडाशी ऊन पोचतं का, तेही बघा. कधी कधी तेवढ्यानंच काम होतं. बाकी, सल्ला कुणाचाही घ्या, पण लिहून घ्या.

यंदा छाटणीनंतर हे चाकू घेऊन आले आणि विचारलं, ‘सांध्याच्या वरच ना?’

म्हटलं, ‘फार विचार करता तुम्ही.’

त्या चार ओळी उपटल्या. तिथं आता कोथिंबीर आहे.