पहिल्या महिन्यात कुणाची होऊ नकोस

अंबाजोगाईहून परवा पुण्याला कॉलेजसाठी निघशील. बॅगेत काय भरायचं ते तुझी आई बघेल, त्यात मी पडत नाही. पुण्यात मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर म्हणून माझी नोकरी झाली. त्यामुळे मावशीकडून घ्यायचं असेल तर माणसांबद्दलचं घे.

शाळेत तुझा वर्ग कधी बदलला नाही. पाचवीतली तीच तोंडं दहावीच्या निरोप समारंभापर्यंत, आणि पाचवीत उंचीवरून पडलेलं ‘शिडी’ हे नावही तोवर तसंच. तिथे त्रास देणारी शेजारच्याच बाकावर असते, तिच्यापासून सुटका नाही. पण बाई तिला ओळखतात आणि तिची आई तुझ्या आईला भिशीत भेटते. म्हणजे कोंडी असते, तसा पहाराही असतो. कॉलेजात दोन्ही नाही. नको त्या माणसापासून उठून जायला तू मोकळी आहेस, पण उठून गेलीस हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. आणि ‘शिडी’ तिथे कुणाला ठाऊक नाही. गंमत म्हणूनसुद्धा सांगू नकोस.

ग्रुप पहिल्या पंधरवड्यातच पडतात. बहुतेक भीतीपोटी पडतात. एकाच मजल्यावरच्या, एकाच जिल्ह्यातल्या, लातूरला एकाच क्लासला असलेल्या. जेवायला एकत्र, कपडे वाळत घालायलाही एकत्र. दिवाळीच्या सुट्टीनंतर यातले बरेच विस्कटतात, आणि भांडण झालेलं असतंच असं नाही. प्रॅक्टिकलच्या बॅचेस वेगळ्या पडल्या, एकीला मित्र मिळाला, एकीचा एक विषय राहिला, एवढं पुरतं. सुट्टी संपली की माझ्या टेबलावर ‘रूम बदलून मिळावी’ असे अर्ज यायचे. त्यात हट्टाने एकत्र खोली मागून घेतलेल्याच जास्त. तुलाही लागला तर खुशाल अर्ज कर. कारणात ‘अभ्यास’ लिही, कुठल्याही रेक्टरला तेवढं पुरतं. पण मुळात पहिल्या महिन्यात कुणा एका टोळक्याची होऊ नकोस. सगळ्यांशी बोल आणि कुणाशीही आणाभाका घेऊ नकोस.

मेसमध्ये एकटीने जेवायला शीक. तुला हसू येईल, पण हातात भरलेलं ताट घेऊन कुठे बसावं म्हणून उभं राहणं मुलींना परीक्षेपेक्षा जड जातं. त्यापायी रात्री खोलीतच मॅगीवर भागवणाऱ्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. मेसच्या दारात त्या एकदा आत डोकावतात, ओळखीचा चेहरा दिसला नाही तर फोन कानाला लावून परत फिरतात. फोनवर कुणीच नसतं. तू असं कर. रिकाम्या टेबलावर जाऊन बसू नकोस, भरलेल्या टेबलाच्या टोकाला जा आणि ‘इथे कुणी येणार आहे का?’ एवढंच विचार. ‘हो’ म्हणाल्या तर पुढचं टेबल. वाढणाऱ्या मावशींचं नाव पहिल्या आठवड्यात माहीत करून घे. वसतिगृहातल्या बातम्या रेक्टरच्या आधी त्यांना कळतात.

ग्रुपला पैसेही लागतात. आज हिच्या वाढदिवसाची वर्गणी, उद्या फर्ग्युसन रस्त्यावर कॉफी. ‘मला जमणार नाही’ हे पहिल्याच वेळी म्हण. तीन वेळा पैसे काढून चौथ्यांदा नाही म्हटलं की चेहरे बदलतात.

मैत्रिणी मिळतात त्या कामात मिळतात, गप्पांत कमी. पुण्यात पावसाळ्यात कॉलेजाकॉलेजांत पुरुषोत्तम करंडकाच्या तालमी सुरू होतात. ही एकांकिका स्पर्धा महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून घेते. स्टेजवर यायला रांग असते, पण बॅकस्टेजला हात नेहमी कमी पडतात. तिथे जा. रात्री नऊला नेपथ्याच्या फळ्या रंगवताना तू कुठल्या गावची, कुठल्या माध्यमाची हे कुणी विचारत नाही. ब्रश धुऊन ठेवलास का, हे विचारतात. नाटकाची आवड नसेल तर एनएसएसला नाव दे. सात दिवसांचं शिबिर एखाद्या खेड्यात असतं आणि तिथे फाडफाड इंग्रजी बोलणारीपेक्षा चूल पेटवता येणारीला भाव असतो. तू त्यात आहेस.

बोलण्यावरून हसतील. ‘पानी’ म्हणालीस की कुणीतरी ‘पाणी’ म्हणून दुरुस्त करेल. एकदा सोडून दे, दोनदा सोडून दे. सारखंच व्हायला लागलं तर एकच कर, हसू नकोस. मुली स्वतःवरच्या चेष्टेला सगळ्यांच्या आधी हसतात. त्यांना वाटतं, असं केलं की आपण यांच्यातल्या होऊ. तसं होत नाही, चेष्टेची सवय तेवढी पक्की होते. सरळ चेहऱ्याने ‘काय म्हणालीस? परत सांग’ म्हण. खोचक बोलणं परत सांगायला लावलं की त्यातली हवा जाते. आणि ‘लई’ म्हणायचं सोडू नकोस. पुणेकरांचं मराठी तेवढं शुद्ध, हा समज पुण्याबाहेरच्यांनीच जास्त जपलाय.

सीनियर म्हणजे राक्षस नव्हेत. जुन्या जर्नल, कुठली मेस बरी, व्हायव्हाला कोणते सर काय विचारतात, हे त्यांच्याकडूनच कळतं. ‘इंट्रो दे’ म्हणाल्या तर नाव, गाव, शाखा सांगून मोकळी हो. पण रात्री उशिरा खोलीवर बोलावलं, ‘फोन बाहेर ठेव’ म्हणाल्या, तर जायचं नाही. जर्नल हवी असली तरी नाही.

आता जरा नीट ऐक. न बोलावणं आणि वाळीत टाकणं यात फरक आहे. चौघी सिनेमाला गेल्या, तुला विचारलं नाही. वाईट वाटेल, पण तो छळ नाही. एक दिवस रडून घे आणि कपडे धुवायला घे. मात्र प्रॅक्टिकलचं वेळापत्रक ज्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतं त्यातून तुला मुद्दाम काढलं, अख्ख्या मजल्याने ठरवून अबोला धरला, जात, रंग, गाव किंवा स्कॉलरशिपवरून टोमणे सुरू झाले, तर तो छळ. विद्यापीठ अनुदान आयोगाचे रॅगिंगविरोधी नियम २००९ चे. हिमाचलमधल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू हा विद्यार्थी रॅगिंगच्या मारहाणीत गेला, त्याच वर्षीचे. २०१६ मध्ये त्यांत दुरुस्ती झाली. जात, धर्म, रंग, दिसणं, भाषा, जन्मगाव, घरची परिस्थिती अशा कारणांवरून शारीरिक-मानसिक त्रास देणं, अगदी वगळणंसुद्धा, रॅगिंगच्या व्याख्येत आलं. प्रवेशाच्या वेळी तू आणि तुझ्या बाबांनी रॅगिंगविरोधी शपथपत्र भरलंय. न वाचता भरलं असणार. वाच.

आपल्या राज्याचा कायदा त्याहून जुना, १९९९ चा. दोषी ठरल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड, कॉलेजातून काढून टाकतात आणि पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश नाही. लेखी तक्रार आल्यावर प्राचार्यांनी सात दिवसांत चौकशी करायची असते. हे प्राचार्यांना माहीत असतंच. तुला माहीत आहे, हे त्यांना कळलं पाहिजे.

तोंडी तक्रार ऑफिसात विरघळते. कधी, कुठे, कोण, काय बोललं ते रोजच्या रोज वहीत तारखेसकट लिही, स्क्रीनशॉट आईला पाठवून ठेव. अर्ज दोन प्रतींत दे आणि एका प्रतीवर आवक शिक्का मारून पोच घे. आम्हा रेक्टरांतली एखादी ‘मिटवून घ्या पोरींनो’ म्हणेल. चौकशी म्हणजे तिला कागदांचं काम वाढतं, दुसरं काही नाही. तिलाही अर्जच दे. कॉलेजात कुणावर भरवसा वाटला नाही तर १८००-१८०-५५२२ ही राष्ट्रीय हेल्पलाइन दिवसरात्र चालते.

शिकलं-सवरलं की लोक सुधारतात, यावर विसंबू नकोस. मे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी जिवानिशी गेली. जळगावकडची, आदिवासी समाजातली, पदव्युत्तर शिक्षण घेणारी डॉक्टर. सीनियर डॉक्टरांनी जातीवरून छळलं, असा घरच्यांचा आरोप होता आणि प्रकरण कोर्टात गेलं. छळाचा आरोप ज्यांच्यावर झाला, त्याही डॉक्टरच होत्या. म्हणून सांगते, झोप लागेना, घास उतरेना झालं, कॉलेजला जायच्या नुसत्या विचाराने पोटात गोळा यायला लागला, तर ‘आई-बाबांना ताप नको’ हा विचार करत बसू नकोस. मला फोन कर, रात्री दोनला कर. मला सांगण्यासारखं नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लाव, मराठीत बोलता येतं.

आणि उद्या तुझाही ग्रुप जमेल. तुला हसवता येतं, तेव्हा जमेलच. मग एक दिवस त्यात कुणाची तरी नक्कल सुरू होईल, चालण्याची नाहीतर इंग्रजीची. लांबलचक भाषण देऊ नकोस, भाषण देणारीचं कुणी ऐकत नाही. ‘मला नाही आवडलं हे, चल, चहा घेऊ’ म्हणून ऊठ. एखादी तरी तुझ्यामागून उठते, माझ्या डोळ्यांदेखत उठलेली आहे. जिची नक्कल झाली, तिची लांबून कीव करत बसू नकोस. प्रोजेक्टसाठी सर पाच-पाच जणींचे गट करायला सांगतात तेव्हा तीच मागे उरते. सरांनी यादी मागायच्या आधी तिला विचार आणि तिचं नाव लिहून टाक.