मायक्रोबायोममध्ये करिअर : परिषद ऐका, पण प्रमाणपत्रासाठी नको

‘मायक्रोबायोलॉजी करून शेवटी पॅथॉलॉजी लॅबमध्येच बसायचं ना?’ बारावीच्या मुलांचे पालक हा प्रश्न हमखास विचारतात. मुलीने मात्र तोवर मायक्रोबायोमवरच्या दोन दिवसांच्या ऑनलाइन परिषदेत नाव नोंदवलेलं असतं, आणि घरात वाद सुरू होतो : सीईटीचा अभ्यास सोडून हे काय?

तिला ऐकू द्या. जमलं तर एखादं सत्र तुम्हीही शेजारी बसून ऐका.

आपल्या शरीरात सुमारे 30 लाख कोटी पेशी आपल्या स्वतःच्या आणि साधारण 38 लाख कोटी जिवाणू आहेत, असा अंदाज 2016 मध्ये मांडला गेला. त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. शरीरातल्या अशा सूक्ष्मजीवांचा समूह म्हणजे मायक्रोबायोम. पचन, प्रतिकारशक्ती, मधुमेह यांच्याशी त्यांचं नातं शोधणारं हे शास्त्र आहे, आणि त्याचं एक महत्त्वाचं केंद्र पुण्यातच, गणेशखिंडीत विद्यापीठाच्या आवारात आहे. राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, म्हणजे एनसीसीएस. तिथल्या डॉ. योगेश शौचे यांच्या गटाने 2012 मध्ये एक सुंदर अभ्यास प्रसिद्ध केला. दोन एकत्र कुटुंबं घेतली आणि प्रत्येक घरातल्या वेगवेगळ्या वयाच्या तिघांच्या आतड्यातले जिवाणू तपासले. वयानुसार जिवाणूंच्या गटांचं प्रमाण बदलताना दिसलं. एकत्र कुटुंब ही आपली नेहमीची गोष्ट. तिच्यात संशोधनाची संधी दिसणं ही खरी नजर.

आता विद्यार्थ्याने विचारावं : माणसं फक्त सहा, मग यावरून सगळ्या भारतीयांबद्दल किती बोलता येईल? परिषदेत नेमकं हेच शिकायचं असतं. पडद्यावर रंगीत पट्ट्यांचा आलेख येतो, प्रत्येक रंग म्हणजे जिवाणूंचा एक गट. मुलं रंग पाहून भारावतात. त्याआधीच्या स्लाइडवर थांबा. नमुने किती? कोणत्या तापमानाला ठेवले? नमुना न घालता कोरी चाचणी केली होती का? डीएनए वेगळं करण्याच्या किटमध्येच बाहेरच्या जिवाणूंचे अंश असू शकतात, म्हणून ही कोरी चाचणी फार मोलाची. असा एक प्रश्न चॅटमध्ये नीट लिहिता आला, तर तो दिवस सार्थकी लागला. ई-प्रमाणपत्रांचा गठ्ठा प्रवेशाच्या वेळी फारसा उपयोगी पडत नाही.

पालकांना माझं एकच कळकळीचं सांगणं : अकरावीत ‘मेडिकल नाही तर बायो’ म्हणून गणित सोडायला लावू नका. या क्षेत्रातलं निम्मं काम संगणकावर, संख्याशास्त्राने होतं. पुण्यात टीसीएसच्या संशोधन विभागात डॉ. शर्मिला मांडे यांच्या गटाने मायक्रोबायोमवर काम केलं ते संगणकाच्याच बळावर. आयसर या विज्ञान संस्थांच्या प्रवेश परीक्षेतही जीवशास्त्र, रसायन, भौतिक आणि गणित या चारही विषयांना सारखेच, 15-15 प्रश्न असतात. बीएस्सी मायक्रोबायोलॉजीची वाटही चांगली आहे, पण सोबत आर किंवा पायथन ही संगणकभाषा शिकायलाच हवी. सराव करायला सार्वजनिक डेटा फुकट मिळतो, साधा लॅपटॉप पुरतो.

वाट लांब आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. एमएस्सी, मग नेट परीक्षा, मग पाच-सहा वर्षांची पीएचडी. मात्र ती सगळी वर्षं घरच्या पैशांवर काढावी लागत नाहीत : जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर जानेवारी 2023 पासून महिना 37,000 रुपये आणि घरभाडं वेगळं. पीएचडी नको असेल त्याला लस, प्रोबायोटिक आणि निदान कंपन्यांत एमएस्सीनंतरही काम आहे.

परिषद संपली की आवडलेल्या वक्त्याला मेल करावा. ‘मला आपल्या लॅबमध्ये काम करायचं आहे’ असा सगळ्यांना एकच मजकूर नको. कोणतं भाषण ऐकलं, त्यातली कोणती गोष्ट कळली नाही, आणि सुट्टीत किती आठवडे येता येईल, एवढं चार ओळींत लिहावं. बीएस्सीच्या मुलांनी भारतीय विज्ञान अकादमींच्या उन्हाळी फेलोशिपचा अर्जही भरावा. त्याची मुदत उन्हाळ्याच्या बरीच आधी संपते, म्हणून दिवाळीच्या सुमारासच चौकशी सुरू करावी.