ट्रॅक्टरचे इंजिन का तापते?

नांगरणी किंवा मळणी भरात असता उष्णतामापकाचा काटा लाल पट्ट्यात गेला, की रेडिएटरमध्ये पाणी ओतून काम पुढे रेटण्याकडे चालकाचा कल असतो. परंतु पाणी कमी होणे हे लक्षण होय, मूळ रोग नव्हे. तो वेळीच न शोधल्यास सिलिंडर हेड वाकते वा तडकते आणि ऐन हंगामात ट्रॅक्टर दुरुस्तीसाठी पडून राहतो.

डिझेलच्या उष्णतेपैकी साधारण एक-तृतीयांशच कामी येते. उरलेली मुख्यतः धुरावाटे व पाण्यावाटे बाहेर टाकली जाते. पाणी पुरेसे असणे, ते फिरणे व हवेने थंड होणे यांपैकी काय अडले आहे, ते क्रमाने पाहावे.

सर्वांत आधी सावधगिरी बाळगावी. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. आतील दाबामुळे १०० अंश सेल्सिअसच्या वर गेलेले पाणीही उकळत नाही. मात्र झाकण उघडताच ते उसळून चालकास भाजते. इंजिन पूर्ण निवेपर्यंत थांबावे. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतल्यास ब्लॉक तडकण्याचा धोका असतो.

१. हवा : रेडिएटरच्या पातळ पत्र्यांत भुसा व धूळ अडकली आहे काय, ते पाहावे. पंख्याच्या बाजूने बाहेरच्या दिशेस हवा वा पाणी हलक्या दाबाने सोडून ती काढावी. इंजिन बंद असता पंख्याचा पट्टा मध्यावर अंगठ्याने दाबून पाहावा. तो सामान्यतः १२ ते १५ मिलिमीटर दबावा. अचूक माप माहितीपुस्तिकेत पाहावे.

२. पाणी : रबरी नळ्यांचे सांधे व पाण्याच्या पंपाखालील छिद्र ओले असल्यास गळती तेथेच आहे असे समजावे. विहिरीच्या जड पाण्याने आत क्षारांचा थर बसतो व उष्णता अडते. यास्तव कारखान्याने सांगितलेले कूलंट शुद्ध पाण्यात योग्य प्रमाणात मिसळून वापरावे.

३. थर्मोस्टॅट : काटा वर गेला असूनही वरची नळी गार लागत असेल, तर थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकला असण्याचा संभव असतो. नळी चाचपताना हात पंख्यापासून दूर ठेवावा. इंजिन निवल्यावर थर्मोस्टॅट काढून पाण्याच्या भांड्यात टांगावा व पाणी तापवावे. त्यावर कोरलेल्या अंशांवर, बहुधा ८० च्या आसपास, तो उघडू लागला पाहिजे. न उघडल्यास बदलावा. तो काढून टाकून ट्रॅक्टर चालवू नये.

४. हेड गॅस्केट : गळती न दिसता पाणी वारंवार घटणे, इंजिन चालू असता रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येणे, सायलेन्सरमधून पांढरी वाफ निघत राहणे अथवा तेलपट्टीवर दुधाळ तेल दिसणे, ही गॅस्केट फुटल्याची चिन्हे होत. बुडबुडे पाहावयाचे असल्यास गार इंजिनाचे झाकण आधी काढावे व मगच इंजिन सुरू करावे. ही चिन्हे आढळल्यास ट्रॅक्टर तत्काळ थांबवून जाणत्या कारागिरास दाखवावा.

दररोज सकाळी, इंजिन गार असताना, पाण्याची पातळी पाहावी. ज्या दिवशी ती विनाकारण घटलेली आढळेल, त्याच दिवशी शोधास लागावे. तेव्हा कदाचित नळीचा एखादा सांधा आवळून भागेल. पुढे मात्र हेडच बदलण्याची पाळी येईल.