किती केव्हीची मोटर घेऊ?

टेक फेस्टच्या महिनाभर आधी हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये हा प्रश्न हमखास कानावर पडतो. उत्तरही ठरलेलं असतं : "हजारची घे रे, सगळे तीच घेतात." सगळे घेतात हे खरं आहे. पण त्यातल्या किती जणांचं विमान दुसऱ्यांदा उडतं, हे कुणी मोजत नाही. कुणाची मोटर जळते, कुणाचा ईएससी धूर सोडतो, कुणाचं विमान ग्राउंडवर फरफटत जातं आणि उचलतच नाही. वर पैसे गेलेले असतात ते घरून मेससाठी आलेले. हा लेख वाचून एरोमॉडेलिंग येणार नाही, पण दुकानात गेल्यावर काय विचारायचं एवढं तरी नक्की कळेल.

आधी केव्हीचं बघू. इथल्या केव्हीचा किलोव्होल्टशी काहीही संबंध नाही (इलेक्ट्रिकलवाल्यांनी कृपया नोंद घ्यावी). मोटर मोकळी, म्हणजे प्रॉप न लावता फिरवली तर दर व्होल्टमागे जेवढे आरपीएम मिळतात, तो आकडा म्हणजे केव्ही. १००० केव्हीची मोटर ११ व्होल्टवर मोकळी फिरली तर साधारण ११,००० आरपीएम. यात ताकद कुठेच आली नाही. उलट ९.५५ ला केव्हीने भागलं की एका ॲम्पिअरमागे किती न्यूटन-मीटर टॉर्क मिळणार ते निघतं. म्हणजे केव्ही दुप्पट केला की तेवढ्याच टॉर्कसाठी करंटही दुप्पट लागणार. केव्ही हा सायकलच्या गिअरसारखा आहे असं समजा. पायातला जोर गिअर ठरवत नाही.

मग किती ताकद लागणार हे ठरवतं कोण? प्रॉप! सगळा घोळ इथेच होतो. ब्रशलेस मोटर फार आज्ञाधारक असते. समोरचा प्रॉप मागेल तेवढा टॉर्क द्यायला ती बघते आणि त्यासाठी लागेल तेवढा करंट बॅटरीतून ओढते. झेपत नसेल तरी "नाही" म्हणणं तिला माहीत नाही, ती सरळ जळते.

प्रॉपवर १०×५ असं लिहिलेलं असतं. व्यास १० इंच आणि पिच ५ इंच. पिच म्हणजे लाकडात स्क्रू जावा तसा प्रॉप हवेत एका फेऱ्यात जेवढा पुढे सरकेल ते अंतर. प्रॉपला लागणारी पॉवर ढोबळमानाने व्यासाच्या चौथ्या घाताने, पिचच्या पटीत आणि आरपीएमच्या घनाने वाढते. आता ८×४ काढून १०×५ लावा. तेवढ्याच आरपीएमला पॉवर तिपटीहून थोडी जास्त लागते! प्रत्यक्षात आरपीएम जरा उतरतात म्हणून करंट अगदी तिप्पट होत नाही, पण दुपटीच्या आसपास सहज पोहोचतो. "दोनच इंचांचा तर फरक" म्हणणाऱ्यांनी एकदा कॅल्क्युलेटर काढावा.

तेव्हा सुरुवात मोटरपासून करायचीच नाही, वजनापासून करायची. आपल्याकडे नेहमी बनतं तसं एक विमान घेऊ : वर पंख असलेलं ट्रेनर, १.२ मीटर स्पॅन, २० सेंटिमीटर कॉर्ड, बॅटरीसकट ९०० ग्रॅम. सावकाश उडणाऱ्या ट्रेनरला किलोमागे ११० ते १५० वॉट पुरतात, थोडी कसरत करायची असेल तर २२०, आणि प्रॉपवर लटकणाऱ्या थ्री-डी विमानांना ३३० च्या पुढे. हे बॅटरीतून ओढलेले वॉट, शाफ्टवर मिळणारे नव्हेत. आपलं ग्राउंड लहान, कडेला झाडं आणि विमान हाताने फेकायचं, त्यामुळे हात थोडा सैल सोडून मी १५० वॉट धरतो. तीन सेलची लिपो पूर्ण चार्ज असताना १२.६ व्होल्ट दाखवते, पण लोडवर १०.८ च्या आसपास येते. १५० भागिले १०.८, म्हणजे सुमारे १४ ॲम्पिअर.

आता मोटरचा आकार. आउटरनरला ग्रॅममागे साधारण ३ वॉट असा एक जुना ठोकताळा आहे. म्हणजे किमान ५० ग्रॅमची मोटर हवी. बाजारातली प्रसिद्ध २२१२ याच वजनाची. २२ हा स्टेटरचा व्यास आणि १२ त्याची उंची, मिलिमीटरमध्ये. काही कंपन्या मात्र बाहेरच्या डब्याचं माप छापतात, त्यामुळे दोन मोटरींची तुलना नुसत्या नंबरावरून करू नका, वजन विचारा. २२१२ च्या कागदावर बहुधा १२ ॲम्पिअर, तेही ६० सेकंदांपुरते, असं लिहिलेलं असतं. आपल्याला १४ हवेत. म्हणून एक पायरी वर जाऊन १६-१७ मिलिमीटर उंचीच्या स्टेटरची, ७० ग्रॅमच्या आसपासची मोटर घ्यावी. वाढलेले वीस ग्रॅम नाकातच जातात आणि बहुतेक घरगुती विमानांना नाकात वजन हवंच असतं.

केव्हीचा नंबर इथे लागतो. या विमानाचा स्टॉल स्पीड हिशेबाने सेकंदाला ७.५ मीटरच्या आसपास येतो. पिच आणि आरपीएमच्या गुणाकारातून जो वेग निघतो तो याच्या दुपटीहून थोडा जास्त हवा. १०×५ प्रॉप ७५०० आरपीएमने फिरला तर सेकंदाला जवळपास १६ मीटर मिळतात. म्हणजे जमलं. लोडवर ७५०० आरपीएम आणि १४ ॲम्पिअर हवे असतील तर मोटर साधारण ८०० केव्हीची लागते. तोच प्रॉप हट्टाने १००० केव्हीच्या मोटरवर लावला, तर माझ्या हिशेबात करंट २० ॲम्पिअरवर जातो. वाइंडिंगचा रेझिस्टन्स ०.०९ ओहम धरला तर १४ ॲम्पिअरला तांब्यात १८ वॉट उष्णता होते आणि २० ॲम्पिअरला ३६. हातात आधीच हजारची मोटर असेल तर ती फेकायची गरज नाही. मोठ्या स्टेटरची असेल तर ९×४.५ लावा, बारकी २२१२ असेल तर ८×४.

प्रॉप घेताना त्यावरची अक्षरं बघा. एपीसीच्या प्रॉपवर 'एसएफ' असेल तर तो स्लो फ्लायर, आणि त्याची आरपीएम मर्यादा कंपनीनेच दिली आहे : ६५,००० भागिले इंचातला व्यास. १० इंचाला ६५०० आरपीएम. आपण ७५०० ने फिरवणार, म्हणून 'ई' लिहिलेलाच घ्यायचा.

जाता जाता एक गंमत. इलेक्ट्रिक आरसी विमानाचं पहिलं नोंदलं गेलेलं उड्डाण इंग्लंडमध्ये १९५७ साली कर्नल टॅपलिन यांनी केलं, सरकारी भंगारातली मोटर आणि सिल्व्हर-झिंक बॅटरी वापरून. २००० नंतरच्या काही वर्षांत हौशी मंडळींनी सीडी-रॉम ड्राइव्हच्या मोटरी उघडून, नवी वायर गुंडाळून, निओडिमियमचे मॅग्नेट चिकटवून आउटरनर बनवल्या. लॅबच्या स्क्रॅपमध्ये जुने सीडी ड्राइव्ह सापडले तर मिनी प्रोजेक्टला विषय आयता आहे.

ईएससी ३० ॲम्पिअरचा घ्या. १४ ला ३० ही उधळपट्टी वाटेल, पण स्वस्त ईएससीवरचा आकडा भर हवेत थंड होताना धरलेला असतो आणि आपण तो थर्माकोलमध्ये गाडतो. वायर वाढवायचीच असेल तर मोटरकडची वाढवा. बॅटरीकडची वायर लांबली की ईएससीच्या कपॅसिटरवर ताण येतो. मोटर उलटी फिरली तर तीनपैकी कुठल्याही दोन वायरी अदलाबदल करा. आणि मोटर बसवण्याआधी स्क्रूची लांबी मोजा. एक मिलिमीटर जास्त आत गेलेला स्क्रू वाइंडिंगला टेकतो आणि नवी कोरी मोटर पहिल्याच स्टार्टला जाते. मागच्या बॅचच्या एका टीमने याच कारणाने दोन मोटरी घालवल्या आणि तोपर्यंत दोष दुकानदाराला देत बसले होते.

वरचं सगळं गणित आहे, आणि गणिताला वॉटमीटर लावल्याशिवाय विमान हवेत सोडायचं नाही. ग्रुपमध्ये एक वॉटमीटर असला तरी पुरे. बॅटरी फुल चार्ज करून बॅटरी आणि ईएससीच्या मधे मीटर लावा, शेपटी एकाला घट्ट धरायला सांगा, पंधरा सेकंद फुल थ्रॉटल द्या आणि आकडा लिहून ठेवा. हवेत प्रॉपवरचा लोड थोडा कमी होतो, म्हणजे जमिनीवरचा आकडा हा वाईटात वाईट समजा. करंट मोटरच्या मर्यादेपलीकडे गेला तर प्रॉप लहान करा. नंतर मोटरला बोट लावून बघा. तीन सेकंद ठेववत नसेल तर मॅग्नेटचं आयुष्य कमी होतंय.

हे करताना सगळे प्रॉपच्या मागे उभे राहा. बाजूला कुणीही नको. १० इंची प्रॉपचं टोक ७५०० आरपीएमला ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे पळत असतं, आणि पेट्रोल इंजिनासारखं बोट लागलं म्हणून मोटर बंद पडत नाही, ती आणखी करंट ओढते. रूमवर ईएससीचं सेटिंग करायचं असेल तर प्रॉप काढून. यात चर्चा नाही.

लिपोचंही तेच. २२०० एमएएचची बॅटरी २.२ ॲम्पिअरने, बॅलन्स चार्जरवर, फरशीवर ठेवून, डोळ्यांसमोर चार्ज करायची. गादीवर नाही, आणि चार्जिंगला लावून मेसला जायचं नाही. शेजारी वाळूची बादली हवी. फुगलेली बॅटरी परत वापरायची नाही, आणि आठवडाभर उडवणार नसाल तर सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेवायची. एका रूममध्ये पेटलेली लिपो पूर्ण विंग रिकामी करायला पुरते. रेक्टर सर एरोमॉडेलिंगला नाही म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर हेच चित्र असतं, आणि ते चुकीचं नाही.

राहिला वेळ. २२०० मधले ८० टक्केच वापरायचे, म्हणजे १७६० एमएएच. उडताना सरासरी ८ ॲम्पिअर धरले तर १३ मिनिटं होतात. पण पहिल्या दिवशी ट्रान्समीटरचा टायमर ६ मिनिटांवर लावा, उतरा, आणि चार्ज करताना चार्जरने किती एमएएच परत भरले ते बघून मग मिनिटं वाढवा.