भिंतीवरचे पांढरे औषध

आमच्या लहानपणी गावात फवारणीवाले येत. भांडीकुंडी, पीठमीठ बाहेर काढायला लावीत आणि पंपाने भिंतींवर पांढरे पाणी मारीत. ते वेशीबाहेर गेले की घरोघरच्या बाया शेणाचा काला करून भिंती सारवायला बसत! वास जावा, डाग जावेत म्हणून. पुढच्या खेपेला फवारणीवाला कपाळाला हात लावी. आम्हांला वाटे, औषध तर मारून झाले, मग हा चिडतो कशाला?

ते औषध म्हणजे डी.डी.टी. त्याची गोष्ट ऐका, म्हणजे त्याचा राग कळेल.

1874 साली झाइडलर नावाच्या एका विद्यार्थ्याने हा पदार्थ प्रथम तयार केला. पण त्याने किडे मरतात हे काही त्याला ठाऊक नव्हते. पुढे पासष्ट वर्षे ती माहिती नुसती कागदात पडून राहिली.

मग स्वित्झर्लंड देशात, बाझल शहरी, पाउल म्युलर हे रसायनशास्त्रज्ञ कीटकनाशक शोधू लागले. काचेच्या पेटीत माशा सोडायच्या, औषध उडवायचे आणि बघत बसायचे. चार वर्षांत शेकडो पदार्थ तपासले, पण मनासारखे एकही मिळेना. अखेर 1939 साली त्यांनी डी.डी.टी. उडवले. माशा लगेच मेल्या नाहीत. हळूहळू त्यांचे पाय लटपटले आणि त्या उताण्या पडल्या.

खरी गंमत पुढेच आहे. म्युलर यांनी पेटी चांगली घासूनपुसून घेतली व नव्या माशा सोडल्या. त्यांच्यावर औषध उडवलेच नव्हते. तरी काचेला पाय लागताच त्याही पडू लागल्या! शेवटी पेटी सुटी करून धुवावी लागली आणि महिनाभर उघड्या हवेत ठेवावी लागली. म्हणजे हे औषध किड्याने खावे लागत नाही. पायाला लागले तरी पुरे. आणि ते जिथे बसते तिथे टिकून राहते.

तेव्हा महायुद्ध चालू होते. इटलीतील नेपल्स शहरात टायफस नावाच्या तापाची साथ आली. हा ताप कपड्यांतल्या उवांमुळे पसरतो. 1944 च्या आरंभी तिथे दहा लाखांहून अधिक लोकांच्या कपड्यांत, बाहीतून आणि गळ्यातून, भुकटी फुंकली. ऐन हिवाळ्यात साथ हटली. 1948 साली म्युलर यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्याकडे 1946 साली, त्या वेळच्या मुंबई प्रांतात, उत्तर कानडा व धारवाड या जिल्ह्यांत हिवतापासाठी घरे फवारली. 1953 पासून देशभर मोहीम निघाली. हिवतापाची डासीण रक्त पिऊन जड झाली की बहुधा जवळच्या भिंतीवर टेकते. तिथे औषध असले तर मरते. वर शेण सारवले की ती खुशाल बसते. आता कळले ना, तो का चिडायचा?

पण हे टिकणे दोन्ही बाजूंनी लागते. शेतात मारलेले डी.डी.टी. मातीत, पाण्यात राहते. माशांच्या चरबीत साठते आणि मासे खाणाऱ्या पक्ष्यांत उतरते. म्हणून 1989 साली भारतात शेतीसाठी त्याला बंदी झाली. आणि घरमाशीने तर फार आधीच मात केली होती. 1947 च्या सुमारास इटलीत व स्वीडनमध्ये काही घरमाशा औषध लागूनही मरेनात. त्या वाचल्या, आणि पुढची पिल्ले त्यांचीच झाली.